दुरून जुळलेले नाते खरे असते का?



आज एका प्रश्नाचा अभ्यास करू. हा प्रश्न आपल्या धर्मग्रामातील जवळजवळ प्रत्येक घरात आहे, पण तो कुणी मोठ्याने विचारत नाही. आपली मुले पुण्याला, मुंबईला, छत्रपती संभाजीनगरला कामाला आहेत. काही कुटुंबे ऊसतोडीला गेली की चार-सहा महिने परतत नाहीत. मागे राहतात ती म्हातारी माणसे, आणि त्यांच्या हातात एक मोबाईल. या मोबाईलमधून जे नाते चालते ते खरे नाते आहे की नात्याचा नुसता आभास? आणि ज्याला आपण कधी पाहिलेच नाही, अशा माणसाशी या यंत्रातून नवे नाते जुळू शकते का?

आमच्या आधीच्या धर्मग्रामात एक वयस्कर बाई होत्या. (त्यांच्या आणि त्यांच्या मुलाच्या परवानगीने लिहीत आहोत, ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत.) एका रविवारी मिस्सा संपल्यावर त्या मोबाईल पुढे करून म्हणाल्या, "फादर, पोट्टं रोज सकाळी फूल धाडते मले. पन दोन शब्द बोलत नाई." आम्ही पाहिले. रोज सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास एक गुलाब, कधी सूर्योदय, वर इंग्रजीत 'गुड मॉर्निंग'. तीन महिन्यांची फुले होती. खाली एकही शब्द नव्हता.

आम्हाला राग आला. पुढच्या रविवारी आम्ही प्रवचनात या फुलांचा समाचारच घेतला. बोटाने ढकललेले फूल म्हणजे प्रेम नव्हे, आईला फूल नको, आवाज हवा, वगैरे. लोक हसले, माना डोलावल्या. आमचे प्रवचन फार चांगले झाले असे आम्हालाही वाटले. ते किती चांगले होते हे शेवटी सांगतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हाला अॅरिस्टॉटल वाचावा लागला. त्याने मैत्रीवर दोन पूर्ण प्रकरणे लिहिली आहेत. तो मैत्रीचे तीन प्रकार सांगतो. उपयोगासाठी केलेली मैत्री, मौजेसाठी केलेली मैत्री आणि त्या माणसाचे भले व्हावे म्हणून त्याच्यासाठीच केलेली मैत्री. पहिल्या दोन लवकर जुळतात आणि लवकर तुटतात. तिसरीला वेळ लागतो. तो एका जुन्या म्हणीचा आधार घेतो, की एकत्र बसून बरेच मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. आपल्याकडेही खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात. ग्रीक आणि वऱ्हाडी माणसाचे मिठाच्या बाबतीत एकमत आहे.

मग दूर गेलेल्या मित्राचे काय? यावर अॅरिस्टॉटलचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. अंतराने मैत्री मोडत नाही, तिचा व्यवहार तेवढा थांबतो, असे तो म्हणतो. मात्र हे अंतर फार काळ राहिले तर मैत्रीचाही विसर पडू लागतो. म्हणजे खरा प्रश्न अंतराचा नाही. दूर असताना मैत्रीचा व्यवहार कशाने चालू ठेवायचा, हा प्रश्न आहे. अॅरिस्टॉटलच्या काळात त्याला साधने थोडी होती. आपल्याकडे ती एवढी आहेत की त्यांचाच गुंता झाला आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव शाळेच्या पुस्तकातून आपल्याला ठाऊक आहे. त्या पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी एक. पण त्या अमेरिकेला पोहोचल्या कशा, हे फारसे कुणी सांगत नाही. त्या एका नात्याच्या जोरावर पोहोचल्या, आणि ते नाते निव्वळ पत्रांतून जुळले होते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला झाला. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. बायकोला शिकवायचेच, असा गोपाळरावांचा हट्ट होता, आणि तो हट्ट पुष्कळदा कठोरही होता. कोल्हापुरात असताना त्यांनी अमेरिकेत शिक्षणाची काही सोय होईल का, अशी विचारणा करणारे पत्र मिशनरी लोकांकडे पाठवले. ते पत्र वाइल्डर नावाच्या मिशनरीच्या अमेरिकेतील मासिकात उत्तरासह छापले गेले. आधी ख्रिस्ती व्हावे, असा त्या उत्तराचा रोख होता. गोपाळरावांना ते मान्य नव्हते. तो विषय तिथेच थांबला.

थांबला असे वाटले, एवढेच. न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई एकदा दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेल्या मासिकात त्यांनी हा पत्रव्यवहार वाचला. सातासमुद्रापलीकडील एका अनोळखी मुलीला शिकायचे आहे, हे त्यांच्या मनात राहिले. १८८० साली त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या.

भाविकहो, त्या काळी पत्र आगबोटीने जात असे. पत्र जाऊन त्याचे उत्तर यायला अडीच-तीन महिने सहज जात. तरीही हा पत्रव्यवहार जवळजवळ तीन वर्षे चालला. आनंदीबाईंनी आपले सणवार, खाणेपिणे, चालीरीती, बालविवाह, बायकांचे हाल यांविषयी लिहिले. जे पटत नव्हते ते पटत नाही असेही लिहिले. पुढे आनंदीबाईंची प्रकृती बिघडली. ताप, डोकेदुखी, अशक्तपणा सुरू झाला, तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. त्या औषधांनी गुण आला नाही. पण पत्र लिहिणारी बाई नुसते शब्द पाठवून थांबली नाही, हे लक्षात घ्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. आपल्याकडे मावशी हा शब्द कुणालाही असाच देत नाहीत. आईच्या खालोखालचे ते नाते आहे.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्या, म्हणजे पतीविना, काही मिशनरी बायकांच्या सोबतीने निघाल्या. वय अठरा. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या तेव्हा त्यांना न्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. दोघींनी एकमेकींना प्रथमच पाहिले. पहिला उन्हाळा आनंदीबाई रोझेलला त्यांच्याच घरी राहिल्या आणि मग फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. वर्षअखेरीस त्या क्षयाने खंगलेल्या अवस्थेत मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, पण ते काम सुरू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. दंतवैद्याच्या खोलीत वाचलेल्या एका छापील पत्रापासून सुरू झालेले नाते शेवटी घरच्या कबरींच्या रांगेत जाऊन बसले.

आम्ही ही कथा अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी वाइल्डरसाहेबांपाशी अडखळतो. तेही मिशनरी, आम्हीही धर्मगुरू. त्यांच्या मनात वाईट काही होते असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्यापुढे एक विनंती आली आणि त्यांनी तिला अट घातली. कार्पेंटरबाईही श्रद्धावान ख्रिस्ती होत्या, तरी त्यांनी अट घातली नाही. आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या जाहीर सभेत सांगितले होते. त्यांच्या मावशीने त्यांना तशाच आपल्या घरात घेतले. एकाला आपले म्हणणे पोहोचवायचे होते, दुसरीला ती मुलगी हवी होती. अॅरिस्टॉटलची तिसरी मैत्री यापेक्षा वेगळी नसावी.

पवित्र शास्त्राकडे पाहिले तर नव्या कराराचा मोठा भाग म्हणजे पत्रेच आहेत. संत पौलाचे थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र बहुतेक अभ्यासकांच्या मते नव्या करारातील सर्वांत जुने लिखाण आहे, साधारण इसवी सन ५० ते ५१ चे. ते का लिहिले गेले? पौलाला तिथे जाता येईना म्हणून. त्याला राहवेना, म्हणून त्याने आधी तीमथ्याला पाठवले, आणि तीमथ्य चांगली बातमी घेऊन आला तेव्हा हे पत्र लिहिले. भेट चुकली नसती तर हे पत्रही नसते.

रोमकरांस पत्र त्याहून नवलाचे. पौल तोवर रोमला गेलेलाच नव्हता. तरी शेवटच्या, सोळाव्या अध्यायात तो तिथल्या वीसपेक्षा जास्त माणसांना नावानिशी सलाम पाठवतो. मिस्सामध्ये ही नावांची यादी वाचायची वेळ आली की वाचक घाबरतात, हे आम्हाला माहीत आहे. पण घरी सावकाश वाचा. नुसती नावे नाहीत. कुणी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, कुणी किती कष्ट केले, कोण त्याच्याबरोबर तुरुंगात होते, हे सगळे त्याच्या ध्यानात आहे. रूफ नावाच्या माणसाच्या आईला तो आपलीही आई म्हणतो. आणि मध्येच, ज्याने हे पत्र उतरवून घेतले तो तर्तियस हळूच स्वतःचाही सलाम घालतो! आजीचा निरोप टाईप करता करता नातवाने खाली 'मी पण आहे काका' असे लिहावे, तसे.

संत योहानाचे दुसरे पत्र आणि तिसरे पत्र एकेका पानात संपतात. दोन्हींच्या शेवटी तो सारखेच म्हणतो. लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण शाई-कागदाने लिहायचे नाही, प्रत्यक्ष येऊन समोरासमोर बोलायचे आहे. शाई-कागद म्हणजे त्या काळचे तंत्रज्ञान. योहान ते वापरतो, आणि त्याची मर्यादाही त्याच शाईने लिहितो.

संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात पोहोचले आणि युरोप त्यांना पुन्हा दिसला नाही. त्यांना रोमहून सोबत्यांची पत्रे येत, तीही वर्षा-दोन वर्षांनी. १५४६ साली आंबोइना बेटावरून त्यांनी कळवले की पत्रांतील सोबत्यांच्या स्वहस्ताक्षरातील नावे त्यांनी कापून घेतली आहेत आणि आपल्या व्रतवचनाच्या कागदासोबत ती ते अंगावर बाळगतात. मजकूर नव्हे, सही. कारण त्या सहीला मित्राचा हात लागला होता. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर त्यांचे निधन झाले. ही बातमी न कळल्याने संत इग्नेशियसनी जून १५५३ मध्ये, तुम्ही परत या, असे पत्र त्यांना लिहिले. हे वाचताना आम्हाला आजचा मोबाईल फार मोठी देणगी वाटते. आपला निरोप वाचला गेला की नाही हे दोन निळ्या खुणांनी लगेच कळते. (त्या निळ्या खुणांवरून घरोघरी जी भांडणे होतात, त्यांचा निवाडा आमच्याकडे आणू नये ही विनंती.)

तर नाते दुरून जुळू शकते, टिकू शकते, मरणापलीकडेही जाऊ शकते. मग आज इतके संपर्कात असूनही माणसे एकटी का?

गाब्रिएल मार्सेल हे फ्रान्सचे कॅथोलिक तत्त्वज्ञ. पहिल्या महायुद्धात ते रेडक्रॉससाठी बेपत्ता सैनिकांची माहिती काढण्याचे काम करत. प्रत्येक सैनिकाचे एक कार्ड असे. त्यावर नाव, तुकडी, शेवटी कुठे दिसला. दिवसभर कार्डे चाळायची. पण त्या सैनिकांचे आईबाप, बायका त्यांच्याकडे येऊ लागल्या आणि मार्सेलना जाणवले की समोर कार्ड नाही, माणूस आहे. त्यांच्या पुढच्या सगळ्या विचाराचे मूळ इथे आहे. एकाच खोलीत बसलेला माणूस मनाने हजर नसू शकतो आणि दूर असलेला माणूस मनाने पूर्ण हजर असू शकतो, असे ते सांगत. हजर असणे म्हणजे दुसऱ्यासाठी मोकळे असणे, उपलब्ध असणे.

मोबाईलवर माणसाच्या नावाजवळ 'ऑनलाइन' असे दिसते. ते फक्त यंत्र चालू असल्याचे सांगते. तो माणूस आपल्यासाठी मोकळा आहे की नाही हे त्यातून कळत नाही. शिवाय यंत्राची ओढ माणसाचे कार्ड करण्याकडेच असते. फोटो, नाव, किती मित्र, किती पसंती. कार्ड चाळावे तशी आपण माणसे चाळतो. जून २०२० मध्ये आपल्या लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. आपल्या भागातला एक मुलगा आखातात नोकरीला आहे. त्याने आम्हाला फोटो पाठवून विचारले, "फादर, हे खरंय का? कसं दिसतं? वास येतो का?" लोणार त्याच्यापासून हजारो किलोमीटरवर होते आणि तो पाहत होता. त्या दिवशी तोच फोटो आम्हाला आणखी अकरा जणांकडून आला. विचारले मात्र एकानेच.

ख्रिस्तसभेने या विषयाकडे दुर्लक्ष केलेले नाही. १९६७ पासून दर वर्षी जागतिक संपर्क दिन पाळला जातो. २००९ च्या संदेशात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी नव्या साधनांतून जुळणाऱ्या मैत्रीचे स्वागत केले. मात्र या मैत्रीपायी घरची, शेजारची, कामावरची माणसे दुरावू नयेत, असा इशाराही दिला. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबाचाच दाखला दिला. घरच्यांनी मोबाईलने संपर्कात राहावे आणि मग एका टेबलाशी बसून एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे, तर ते साधन उपयोगी पडले.

मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२० या काळात महाराष्ट्रातील सर्व प्रार्थनास्थळे बंद होती. त्या काळात आपण मोबाईलवर मिस्सा पाहिली. रिकाम्या बाकांसमोर मिस्सा अर्पण करताना आम्हाला काय वाटले ते सांगणे अवघड आहे. आम्ही म्हणायचो, 'प्रभू तुम्हांबरोबर असो', आणि समोरून उत्तर यायचे नाही. तरी काही आजारी भाविकांना त्या मिस्सांनी धीर दिला, हे आम्ही प्रत्यक्ष ऐकले आहे. त्याच सुमारास, १७ एप्रिल २०२० च्या प्रवचनात, पोप फ्रान्सिस यांनी स्पष्ट सांगितले की ही अडचणीच्या काळातील वाट आहे, ही ख्रिस्तसभा नव्हे. समूहाविना, भाकरीविना, संस्कारांविना देवाशी जवळीक धोक्याची आहे. २००२ च्या 'ख्रिस्तसभा आणि इंटरनेट' या दस्तऐवजातही इंटरनेटवर संस्कार नसतात, असे म्हटले होते. म्हणूनच फोनवर पापनिवेदन होत नाही. हे आम्हाला वारंवार विचारले जाते, म्हणून येथे लिहून ठेवले. फोनवर मन मोकळे जरूर करा, आम्ही ऐकू. पण पापक्षमेसाठी यावे लागेल, किंवा आम्ही येऊ.

आणि याच पोप फ्रान्सिस यांनी फोनचा कसा उपयोग केला तेही पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझात युद्ध सुरू झाल्यापासून ते तेथील पवित्र कुटुंब चर्चमध्ये जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करत. त्या आवारात शेकडो माणसे आसऱ्याला होती. फोन कधी मिनिटाभराचाच असे. कसे आहात, आज काय जेवलात, असे साधे प्रश्न. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूमोनियाने इस्पितळात असतानाही त्यांनी तेथून फोन केले. शेवटचा फोन १९ एप्रिल २०२५ च्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या, शनिवारी. सोमवारी ते देवाघरी गेले. त्या फोनने बॉम्ब थांबले नाहीत. पण संध्याकाळ झाली की आपल्याला कुणीतरी विचारणार आहे, हे त्या माणसांना दीड वर्ष माहीत होते.

आता एक नाजूक विषय. आपल्या भागात मुलांची लग्ने जमणे किती अवघड झाले आहे ते आम्हाला ठाऊक आहे. त्यात शेती करणारा मुलगा असेल तर पाहायलाच नको. मोबाईलवरून स्थळे पाहिली जातात, ओळखी होतात. त्यात गैर काही नाही. पूर्वी मध्यस्थ होता, आता यंत्र आहे. मध्यस्थही काही कमी खोटे बोलत नसत. परंतु एक फरक आहे. मध्यस्थाच्या मुलीला गावातले कुणीतरी पाहिलेले असे. पडद्यावरच्या मुलीला किंवा मुलाला कदाचित कुणीच पाहिलेले नसते.

फसवणूक कशी होते ते सांगतो. आधी गोड बोलणे, रोज, अनेक आठवडे. समोरचा माणूस परदेशात असतो किंवा फार मोठ्या हुद्द्यावर असतो. भेटीची गोष्ट निघाली की काहीतरी अडचण येते. व्हिडिओ कॉल नेमका बिघडतो. मग एके दिवशी भेटवस्तू पाठवली म्हणतो आणि ती कस्टममध्ये अडकते, किंवा आई अचानक आजारी पडते, आणि पैसे मागितले जातात. पैशाची गोष्ट निघाली की थांबा. घरच्यांना सांगा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. आणि लाजू नका. ही लाज हेच त्या चोरांचे भांडवल आहे.

आम्ही स्वतःही फसलो आहोत, म्हणून हे अधिकाराने लिहितो! काही वर्षांपूर्वी सेमिनरीतील एका वर्गमित्राच्या नावाने, त्याच्या फोटोसह, निरोप आला. एका अनाथ मुलाची शस्त्रक्रिया आहे, पाच हजार पाठव. आम्ही पाठवले. संध्याकाळी त्या मित्राला सहज फोन केला तर त्याला काहीच माहिती नव्हती. नंतर तो निरोप पुन्हा वाचला. 'प्रिय फादर' अशी सुरुवात होती. पंचवीस वर्षांत त्या मित्राने आम्हाला एकदाही 'प्रिय फादर' म्हटलेले नाही. वसतिगृहात पडलेल्या टोपणनावानेच तो हाक मारतो, आणि ते नाव येथे छापण्यासारखे नाही. फोटो कुणीही चोरू शकतो. हाक चोरता येत नाही. हे आम्हाला त्या वेळी सुचले नाही.

विवाहाबाबत ख्रिस्तसभेचा कायदा काय म्हणतो, तेही तरुणांनी जाणून घ्यावे. धर्मसंहितेच्या कलम ११०४ नुसार संमती देताना वधू-वर एकाच ठिकाणी हजर असले पाहिजेत, स्वतः किंवा रीतसर मुखत्याराद्वारे. म्हणजे व्हिडिओ कॉलवर लग्न लागत नाही. आणि कलम १०९८ असे सांगते, की वैवाहिक जीवन गंभीरपणे विस्कळीत करील अशा एखाद्या गोष्टीबद्दल, संमती मिळवण्यासाठीच मुद्दाम फसवले असेल, तर तो विवाह मुळात वैधच नसतो. या कलमामागचा विचार साधा आहे. मी ज्याला 'हो' म्हणतो तो माणूस खरोखर तिथे असला पाहिजे. त्याचे सोंग नव्हे. म्हणून मोबाईलवर ओळख झालेल्या जोडप्यांना आम्ही सांगतो, साखरपुड्याआधी एकमेकांच्या घरी जा. एक दिवस राहा. तो त्याच्या आईशी कसा बोलतो ते स्वयंपाकघरातून ऐका. टाईप करताना माणूस शब्द खोडू शकतो. घरात बोलताना खोडता येत नाही.

आता त्या फुलांकडे येतो.

प्रवचनानंतर दोन आठवड्यांनी आम्ही त्या बाईंकडून मुलाचा क्रमांक घेतला आणि फोन केला. खरे तर कानउघाडणी करायचीच होती. तो पुण्याजवळच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे रात्रपाळीला होता. आधीची बरी नोकरी गेली होती आणि हे त्याने आईला सांगितले नव्हते. पगार निम्म्यावर आला होता. फोनवर आईने "कसा आहेस?" विचारले की त्याचा आवाज फुटायचा, म्हणून तो फोन करत नसे. "पण फादर," तो म्हणाला, "मी रोज फूल टाकतो ना. रात्रपाळी सुटून खोलीवर नीट पोहोचलो की पहिलं तेच काम करतो. म्हणजे तिला कळावं, मी आलो."

आम्हाला काही बोलता आले नाही. ते फूल म्हणजे हजेरी होती. नव्वद दिवस तो मुलगा आईला 'मी जिवंत आहे, नीट आहे' असे कळवत होता. आणि आम्ही वेदीजवळ उभे राहून त्या फुलाची टर उडवली होती. मात्र चूक एकट्या आमची नव्हती. त्या फुलाचा अर्थ त्याने आईला कधी सांगितलाच नव्हता, आणि तिने कधी विचारला नव्हता. दोघांच्या हातात मोबाईल होते, आणि झेवियरांच्या काळापेक्षाही जास्त अंतर होते.

नोकरीचे त्याने स्वतःच सांगावे, असे आम्ही त्याला सुचवले. त्याला आणखी तीन आठवडे लागले. सांगितले तेही फोनवर नाही. तो रात्रीच्या गाडीने घरी आला, जेवला, आणि मग सांगितले. आई म्हणे एवढेच बोलली, "मले वाटलंच होतं. आवाज लपवत होता तू."

आता बाईंना लिहिता येत नाही, पण शेजारच्या मुलीने त्यांना आवाज पाठवायला शिकवले आहे. त्यांनी आम्हाला मोबाईलवर ऐकवले. सकाळी पावणेसातला त्याचे फूल येते. त्याखाली त्यांचा चार-पाच सेकंदांचा आवाज असतो, मागे कोंबड्यांचा गलका. "आला का? बरं. झोप आता."